सोयरिकीपलीकडचा दाता

१९५२च्या मे महिन्यात लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटं टिपण छापून आलं. लेखकांच्या यादीतली पहिली तीन नावं मुंबईकरांची होती: डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया. मुंबईत दोन जखमींना रक्त द्यायची वेळ आली होती. एक रेल्वेच्या अपघातातला, दुसरा चाकूच्या वाराचा. तपासणीत दोघांचंही रक्त ‘ओ’ गटाचं वाटत होतं, पण ‘ओ’ गटाच्या दात्याच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात मिसळल्या की गुठळ्या होत. दाता बदलला तरी गुठळ्या त्याच. शोध घेता घेता उलगडा झाला, की ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो ‘एच’ नावाचा घटकच या माणसांच्या तांबड्या पेशींवर नाही. त्यामुळे जगातल्या बहुतेक सगळ्यांचं रक्त त्यांना परकं. लंडनच्या रूथ सँगर आणि रॉब रेस यांच्यासारख्या जाणकारांनी पडताळा घेतला आणि या गटाला शहराचं नाव मिळालं, बॉम्बे ब्लड ग्रुप.

एखाद्या माणसाला कोणाचं रक्त चालेल, हे त्याच्या पूर्वजांनी कोणाशी लग्नं केली यावर ठरतं, याचा हा ठसठशीत पुरावा होता. ‘एच’ नसण्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. म्हणून असा गट नात्यात किंवा छोट्या समूहात लग्नं होत आली तिथे जास्त सापडतो, आणि त्याला चालणारा दाताही बहुधा तिथेच सापडतो.

त्याआधी दोन-तीन वर्षं मुंबईतच दुसरं एक काम झालं होतं. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे डॉ. वसंत खानोलकर आणि आनुवंशिकीचे अभ्यासक एल. डी. संघवी यांनी मुंबईतले सहा समूह निवडले. एकाच शहरात राहणारे, बाजारहाट एकत्र करणारे, पण आपसात लग्न न करणारे. रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणं त्यांनी तपासली आणि या समूहांमधले फरक आकड्यांत मांडले. कोणाचं रक्त श्रेष्ठ वगैरे मूर्खपणाशी या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. शेकडो वर्षं सोयरीक जातीबाहेर गेली नाही की जनुकांचा पसाराही त्या कुंपणात अडकतो, एवढंच ते सांगत होतं. आज एखाद्या आजारी मुलासाठी अनोळखी दाता शोधताना नेमकं हेच कुंपण आडवं येतं.

हा शोध कशासाठी करावा लागतो, ते समजायला युद्धाकडे जावं लागतं. १९४५ला हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब पडले. स्फोटातून वाचलेली कितीतरी माणसं पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने मेली. किरणोत्साराने त्यांच्या हाडांतली मज्जा, म्हणजे रक्त तयार करणारी मूळ पेशींची खाण, जळून गेली होती. मग प्रयोगशाळांत उंदरांवर चाचण्या सुरू झाल्या: किरणांनी मज्जा मारायची, दुसऱ्या उंदराची मज्जा शिरेतून द्यायची. मज्जा रक्तातून वाहत आपणहून हाडांपर्यंत पोहोचते आणि तिथे रुजते, हे दिसलं. मग रक्ताच्या कर्करोगात आजारी मज्जा मुद्दाम मारून निरोगी मज्जा का देऊ नये, असा विचार डॉक्टरांच्या मनात आला. अमेरिकेत डॉ. ई. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना अशी मज्जा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सहाही दगावले. जुळणी कशाची करायची हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

या साऱ्या इतिहासात एक वर्ष निवडायचं तर मी १९५८ निवडेन. त्या एका वर्षात, वेगवेगळ्या माणसांच्या हातून, या गोष्टीचे तीन धागे सुरू झाले.

पहिला धागा युगोस्लाव्हियातला. ऑक्टोबरमध्ये बेलग्रेडजवळच्या विंचा इथल्या अणुभट्टीत बिघाड झाला आणि तिथे काम करणाऱ्या सहा तरुणांना किरणोत्साराचा जबर मारा बसला. त्यांना विमानाने पॅरिसला नेलं. तिथे डॉ. जॉर्ज मथे यांनी त्यातल्या पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. दाते ना त्यांच्या नात्याचे, ना देशाचे, ना भाषेचे. दात्यांत मथे यांच्याच पथकातले डॉ. लेओं श्वार्झनबर्गही होते. जुळवायला हाताशी होते फक्त नेहमीचे रक्तगट. एक जण वाचला नाही, बाकीचे बरे होऊन मायदेशी परतले. दिलेली मज्जा फार काळ टिकली नाही. तेवढ्या अवधीत त्यांची स्वतःची मज्जा सावरली असावी. तरीही अनोळखी माणसाच्या हाडातून काढलेली मज्जा दुसऱ्या अनोळखी माणसाला देता येते, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

दुसरा धागाही पॅरिसचाच. ज्यां दोसे या डॉक्टरांनी त्याच वर्षी पांढऱ्या पेशींवरची एक खूण ओळखली. ज्या तीन स्वयंसेवकांच्या पेशींवर ती नव्हती, त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी तिला ‘मॅक’ म्हटलं. आज ती एचएलए-ए२ म्हणून ओळखली जाते. हॉलंडच्या लायडनमध्ये योन फान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन त्याच सुमारास त्याच वाटेवर होते, आणि त्यांना वाट दाखवली ती बाळंतिणींनी. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात. बाळाने बापाकडून घेतलेल्या खुणा आईच्या शरीराला परक्या असतात, आणि ती त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करते. बाळाला त्याचा बहुधा त्रास होत नाही. पण चार-पाच बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तद्रवात अशी तयार प्रतिद्रव्यं भरपूर सापडतात, आणि पुढची तीसेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा याच रक्तद्रवावर चालल्या.

ती तपासणी कशी होई ते सांगण्यासारखं आहे. १९६४ साली अमेरिकेत पॉल तेरासाकी यांनी ती अगदी थेंबाच्या अंशावर आणून ठेवली. प्लास्टिकची तळहाताएवढी चपटी ताटली, तिच्यात बारीक खळग्यांच्या रांगा. प्रत्येक खळग्यात वेगवेगळ्या बाईच्या रक्तद्रवाचा कण, एका मिलिलिटरचा हजारावा भाग. त्यावर तपासायच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या, मग पेशी फोडायला मदत करणारा दुसरा रक्तद्रव, मग रंग. ज्या खळग्यात प्रतिद्रव्य आणि खूण यांची गाठ पडते तिथल्या पेशी मरतात आणि रंग आत शोषतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तंत्रज्ञ एकेक खळगा वाचत जाई. मेलेल्या पेशी कुठे, जिवंत कुठे, यावरून त्या माणसाच्या खुणांची यादी तयार होई.

१९५८चा तिसरा धागा आपल्या राज्यातला. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांमध्ये सिकलसेलचा दोष असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं. तांबड्या पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यागत वेदना होतात. हा आजार निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत १९५२ साली सापडलाच होता. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यांत फिरून तो कुठे, कोणत्या समाजात, किती आहे याचा शोध घेतला. या कामासाठी त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे दोन्ही आजार मज्जेतच जन्मतात, म्हणून मज्जाच बदलली तर ते मुळातून जाऊ शकतात. १९५८ साली मात्र नागपूरचं संशोधन आणि पॅरिसचं संशोधन यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्या दहा वर्षांत खुणांची यादी वाढत गेली आणि त्या सगळ्या एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेल्या आहेत हे कळलं. जवळ बसलेल्या असल्याने त्या एकेकट्या सहसा येत नाहीत, अख्खा संच एकत्र येतो. मुलाला एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. आईकडे दोन संच, वडिलांकडेही दोन, म्हणजे चार जोड्या शक्य. म्हणून सख्ख्या भावंडांपैकी कोणा एकाचे दोन्ही संच आपल्याशी जुळण्याची शक्यता चारात एक. १९६८ साली मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळाला त्याच्या बहिणीची जुळणारी मज्जा दिली आणि ते बाळ जगलं. थॉमसही सिअॅटलला जाऊन पुन्हा भावंडांच्या जुळणीने कामाला लागले. यश येऊ लागलं. जुळणी कच्ची असली तर काय होतं तेही दिसलं: दिलेल्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परकं समजतात आणि त्याची कातडी, आतडी, यकृत पोखरू लागतात.

पण भावंड नसलं, किंवा असून जुळलं नाही, तर?

१९७३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयात एका मुलाला नात्याबाहेरच्या बाईची मज्जा दिली गेली. दात्यासाठी लोकांना आवाहन केलं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका बालकासाठी डेन्मार्कमधला अनोळखी दाता मिळाला. त्याची मज्जा अनेक वेळा द्यावी लागली, तेव्हा कुठे ती रुजली. लंडनची बातमी वाचणाऱ्यांत शर्ली नोलन ही आई होती. तिचा मुलगा अँथनी १९७१चा, जन्मापासून प्रतिकारशक्तीच्या दुर्मिळ विकाराने आजारी. घरात जुळणारं कोणी नाही. शर्लीने हिशेब मांडला: एका मुलासाठी आवाहन करून लोक तपासायचे आणि मग ती यादी टाकून द्यायची, हे किती दिवस चालणार? १९७४ साली तिने कायमची नोंदवही सुरू केली. आधी खुणा तपासून नावं लिहून ठेवायची, मग ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी त्यात शोधायचं. अँथनीसाठी त्या वहीत कोणीच सापडलं नाही. १९७९ साली तो गेला. वही चालू राहिली. आज ती ब्रिटनमधली मोठी संस्था आहे आणि तिला त्याचंच नाव आहे.

अँथनी गेला त्याच वर्षी सिअॅटलमध्ये लॉरा ग्रेव्हज या दहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग असताना अनोळखी दात्याची मज्जा मिळाली. दाता सापडला तो निव्वळ योगायोगाने: त्याच केंद्रातली एक कर्मचारी, जिच्या खुणा आधीच तपासलेल्या होत्या. मज्जा रुजली, पण दोन वर्षांच्या आत कर्करोग उलटला आणि लॉरा गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि अमेरिकेत १९८६-८७ साली राष्ट्रीय नोंदणी उभी राहिली. फान रूड यांनी १९८८ साली निरनिराळ्या देशांच्या याद्या एकत्र आणल्या. दोसे यांना १९८० साली नोबेल मिळालं, थॉमस यांना १९९० साली. माझ्या मते मात्र या विज्ञानाला चालतं केलं ते त्या दोन घरांनी. खुणा शोधणं डॉक्टरांचं काम होतं. लाखो निरोगी माणसांनी कोणा परक्यासाठी आपलं नाव लिहून ठेवावं, हे मुलं गमावलेल्या आईबापांनी घडवून आणलं.

मुंबईत या वाटेवर पहिलं पाऊल पडलं ते २० मार्च १९८३ रोजी, टाटा मेमोरियलमध्ये. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, आजार तीव्र रक्तकर्करोग, दाता तिचा भाऊ. डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओने पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीतून वैद्यकीय शिक्षण पुरं केलेलं, आणि प्रत्यारोपणाचे धडे सिअॅटलला थॉमस यांच्याकडे गिरवलेले. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण.

त्या काळात ते करणं म्हणजे काय होतं याची कल्पना करून पाहावी. मुलीची मज्जा औषधांनी संपवायची, म्हणजे तिच्या अंगात जंतूंशी लढणारी एकही पेशी उरणार नाही. भावाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडात जाड सुई पुन्हा पुन्हा घालून मज्जा ओढायची. दिसायला ती दाट रक्तासारखीच. मग ती साध्या सलाइनसारखी शिरेतून चढवायची आणि थांबायचं. दोन ते चार आठवडे रोज रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशींचा आकडा वर सरकतो का ते पाहायचं. तोवर साधा खोकलाही जीव घेऊ शकतो. मुंबईच्या दमट हवेत, रुग्णांनी तुडुंब भरलेल्या परळमध्ये, हे निभावलं गेलं. १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही काम सुरू झालं. टाटाचा प्रत्यारोपण विभाग २००७ साली खारघरला गेला.

ही सगळी प्रत्यारोपणं भावंडांच्या जोरावर चालली. त्या पिढीत घरात चार-पाच मुलं असत, त्यामुळे जुळणारं कोणीतरी निघे. कुटुंबं लहान झाली तसा हा आधार सुटत गेला. एकच भावंड असलेल्या चार मुलांपैकी तिघांना घरात जुळणी मिळत नाही. १९९४ साली दिल्लीच्या एम्समध्ये भारतीय दात्यांची नोंदणी सुरू झाली. पुढे मुंबईत मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया, २००९ साली चेन्नईत दात्री, २०११ साली बंगळुरूत बीएमएसटी, जी २०१९ साली जर्मनीच्या डीकेएमएसशी जोडली गेली. आता बाळंतिणींचा रक्तद्रव लागत नाही, खुणा थेट डीएनएवरून वाचल्या जातात. प्रत्येक खुणेचे पोटप्रकार इतके निघाले आहेत, की एकूण संख्या तीस हजारांच्या पुढे गेली आहे. पाच जागी दोन-दोन, अशा दहापैकी दहा खुणा जुळाव्यात अशी अपेक्षा असते.

नोंदणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. संमतीपत्र वाचून सही करायची. कापसाचं टोक असलेली काडी गालाच्या आतून फिरवायची, दुसऱ्या गालातून दुसरी, आणि पाकिटात घालून द्यायची. पुढे कधी कोणाशी जुळलंच तर पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची. त्यांनी मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र मूळ पेशी वेगळ्या करतं, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तासांचं काम. अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं, आणि काही दिवसांत दात्याच्या पेशी भरून निघतात. यात रक्तगट सारखा असावा लागत नाही. उलट प्रत्यारोपणानंतर रुग्णाचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो.

इतकं सोपं असूनही भारतीय रुग्णाला अनोळखी दाता मिळणं कठीण का? एक कारण उघड आहे: जगभरच्या याद्यांत चार कोटींहून अधिक नावं आहेत, भारतातली काही लाखच. दुसरं कारण संघवी-खानोलकरांनी दाखवलेलं. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की या देशातले समूह हजारो वर्षं एकमेकांत मिसळत होते आणि साधारण १९०० वर्षांपूर्वी ही मिसळण थांबली. म्हणजे इतक्या पिढ्या लग्नं आपापल्या वर्तुळात. खुणांचे संच त्या वर्तुळात फिरत राहिले. अमेरिकेच्या नोंदणीवर २०१४ साली झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के निघाली, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनाला सुमारे १९ टक्के. आपल्याकडे तर प्रत्येक समूहाची स्वतंत्र तूट आहे. २००७ साली कॅलिफोर्नियात रक्तकर्करोग झालेल्या भारतीय वंशाच्या दोन तरुणांसाठी त्यांच्या मित्रांनी काही आठवड्यांत चोवीस हजारांहून अधिक दक्षिण आशियाई लोकांची नोंदणी केली. आधीच्या यादीत त्यांच्यासारखी माणसंच नव्हती, म्हणून हा आटापिटा. ते दोघे वर्षभरातच गेले, पण त्या नोंदणीतून पुढे इतरांना दाते मिळाले.

ही तूट जवळून कशी दिसते ते पाहायला आता मुंबईच्या उत्तरेला, डहाणूकडे येऊ. मसोलीपासून कासा, तलासरीपर्यंतच्या या पट्ट्यात वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी असे आदिवासी समाज आहेत. किनाऱ्याला मांगेला, माच्छी. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत इराणी आणि पारशी कुटुंबं. वाणी, भंडारी, नोकरीला आलेले घाटावरचे, गुजरातचे. एवढ्याशा या पट्ट्यात खुणांचे किती वेगवेगळे संच नांदत असतील! संघवींना मुंबईत जे सहा समूहांत दिसलं, ते इथे एका तालुक्याच्या बाजारात दिसेल. जगभरचे पारशी धरले तरी त्यांची संख्या फार थोडी, तेव्हा त्यांच्यासाठी जगाच्या यादीत दाता शोधणं अवघडच. वारल्यांची संख्या काही लाखांत आहे. म्हणजे त्यांच्यात जुळणारे दाते असणारच, पण ते कोणत्याच यादीत नाहीत, कारण नोंदणीची शिबिरं मुख्यतः शहरांतल्या कॉलेजांत आणि कंपन्यांत होतात.

हे मला फार खुपतं. आदिवासींचं रक्त कोणी घेतलं नाही असं अजिबात नाही. रक्तगट, सिकलसेल, मलेरियाच्या औषधाने बाधणारी एन्झाइमची कमतरता, लोकसंख्येचा जनुकीय इतिहास, अशा नाना कारणांनी या देशातल्या आदिवासींच्या बोटांना आणि शिरांना सुया टोचल्या गेल्या आणि त्यातून शोधनिबंध निघाले. त्या अभ्यासांचं मोल मी नाकारत नाही. भेंडे-भाटियांची परंपराही तीच. पण इतक्या नमुन्यांतून त्यांच्याच आजारी लेकराला जो दाता मिळायला हवा, त्याचं नाव लिहिणारी वही त्यांच्या पाड्यावर पोहोचली नाही. बोलावणं आलं तर प्रवासखर्च कोण देणार, मजुरी बुडेल तिचं काय, संमतीपत्र वारलीत समजावून कोण सांगणार, याचा विचार केल्याशिवाय ती पोहोचणारही नाही.

दरम्यान काही गोष्टी जवळ आल्या आहेत. एप्रिल २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. त्याच मार्गावर बोरिवलीत मुंबई महापालिकेने २०१८ साली थॅलेसेमिया आणि मुलांच्या रक्तविकारांचं केंद्र उभं केलं, जिथे प्रत्यारोपणं होतात. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या निधीतून प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत मिळण्याची योजना २०१७पासून आहे. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. सिकलसेल असलेल्या प्रत्येकाला प्रत्यारोपण लागतं असंही नाही. बहुतेकांना हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, लसी आणि वेळेवर उपचार पुरतात. प्रत्यारोपणाची गरज थोड्यांना असते आणि त्यांच्यासाठी पहिली आशा आजही सख्खं भावंडच असतं.

गेल्या वीस वर्षांत आणखी एक वाट निघाली. अमेरिकेच्या बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं, की प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनंच औषध दिलं, तर अंगावर उठणाऱ्या पेशी नेमक्या मारल्या जातात. त्यामुळे निम्मी जुळणीही चालू शकते, आणि निम्मी जुळणी तर प्रत्येक आईची आणि प्रत्येक बापाची आपल्या मुलाशी असतेच. भारतात, जिथे यादीत दाता मिळत नाही आणि परदेशातून पेशी मागवायच्या तर कित्येक लाख मोजावे लागतात, तिथे ही वाट झपाट्याने रुळली. तिने अनोळखी दात्याची गरज कमी केली, संपवली नाही. आईबापांपैकी कोणी हयात नसतं, कोणी स्वतः आजारी असतं, कधी मुलाच्याच रक्तात आईबापांच्या खुणांविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. काही आजारांत पूर्ण जुळणारा दाताच अधिक बरा ठरतो.

म्हणून यादीची गरज आहेच, आणि ती पाड्यापाड्यांपर्यंत नेणं अवघड असलं तरी अशक्य नाही. सिकलसेलच्या तपासणीसाठी आशाताई आणि आरोग्यसेवक आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत, बाजारच्या दिवशी नाक्यावर बसतातच. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, सुदृढ मुलामुलींना तिथेच वेगळी माहिती देता येईल, त्यांच्या बोलीत, नकार द्यायची पूर्ण मोकळीक ठेवून, आणि हा नमुना कशासाठी वापरला जाईल व कशासाठी कधीच वापरला जाणार नाही हे कागदावर लिहून देऊन. नोंदणीसाठी गालातला नमुना एकदाच द्यावा लागतो. ठरावीक वयोमर्यादेपर्यंत, म्हणजे पुढची कित्येक वर्षं, ते नाव यादीत राहतं, आणि तलासरीच्या एखाद्या घरात जन्मणाऱ्या मुलाचा शोध सुरू झाला की त्याच्यासाठी ते वाचलं जाईल.